दंडाचे बळ आणि कड्याची चढण

एका उभ्या कड्याच्या पायथ्याशी दोन माणसे उभी आहेत, अशी कल्पना करा. पहिला रुंद खांद्यांचा आणि भरदार दंडांचा आहे. दांडीला लोंबकळून तो आपली हनुवटी वीस वेळा दांडीच्या वर सहज नेतो. दुसरा अंगाने सडपातळ आहे. पाच-सहा वेळांतच त्याचे हात थकतात. या दोघांपैकी कडा अधिक चांगला कोण चढेल? बहुतेक जण पहिल्याकडे बोट दाखवतील. ज्यांचे स्वतःचे दंड बारीक आहेत, ते तर ‘हे काम आपले नव्हे’ असे मनाशी ठरवूनही टाकतील. हा निर्णय कितपत बरोबर आहे, ते आपण पाहू.

कोकणात माडावर चढणारा माणूस तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पायांत दोरीचा वेढा अडकवून तो खोडावर पाय रोवतो, गुडघे सरळ करून अंग वर उचलतो, मग हात पुढे सरकवतो आणि पुन्हा पाय वर घेतो. हात खोडाला धरून ठेवतात. अंगाचा भार उचलतात ते पाय. व्यायामशाळेच्या भाषेत सांगायचे, तर हे काम जोरांपेक्षा बैठकांचे अधिक आहे.

खडकांवर हातापायांच्या आधाराने चढण्याच्या कलेला प्रस्तरारोहण म्हणतात. तिच्यातही हेच तत्त्व आहे. मांड्यांचे स्नायू दंडाच्या स्नायूंहून कितीतरी मोठे असतात. दिवसभर आपला भार वाहण्याची त्यांना सवय असते. म्हणून जाणता आरोहक खडकाचा लहानसा उंचवटा शोधून त्यावर पायाचा चवडा ठेवतो, कंबर खडकाजवळ नेतो आणि पायांनी स्वतःला वर ढकलतो. मध्ये थांबावे लागले, तर तो हात सरळ ठेवतो; कारण वाकवलेल्या हातातील स्नायूंना सतत ताण सोसावा लागतो, तर सरळ हातात बराचसा भार हाडांवर आणि त्यांना जोडणाऱ्या बंधांवर पडतो. नवशिका मात्र पायांकडे पाहतच नाही. तो दंडांच्या जोरावर स्वतःला वर ओढू लागतो आणि थोड्याच वेळात त्याची पकड सुटते.

ती का सुटते? बोटे मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. दोरीसारख्या चिवट कंडरांनी ते बोटांना जोडलेले असतात. मूठ घट्ट आवळून दुसऱ्या हाताने हा भाग चाचपून पाहा. तो टणक झालेला जाणवेल. स्नायू जोराने आवळले गेले, की त्यांतील रक्तवाहिन्या दबतात. रक्ताचा पुरवठा कमी होतो, हात जड होतो आणि बोटे उघडू लागतात. दंड कितीही भरदार असले, तरी बोटे सुटल्यावर त्यांचा काय उपयोग? म्हणूनच, चांगल्या आरोहकांची पाहणी करताना बोटांच्या पकडीला विशेष महत्त्व दिले जाते.

ही पकडही शरीराच्या वजनाच्या मानाने मोजावी लागते. समजा, ८० किलोग्रॅम वजनाच्या माणसाची बोटे ६० किलोग्रॅम भार पेलतात आणि ५० किलोग्रॅम वजनाच्या माणसाची ४५ किलोग्रॅम. पहिल्याचे बळ अधिक आहे खरे. परंतु ते त्याच्या वजनाच्या तीन-चतुर्थांश आहे आणि दुसऱ्याचे नऊ-दशांश. कड्यावर प्रत्येकाला स्वतःचेच वजन न्यायचे असते, तेव्हा लाभ दुसऱ्याचा. यामागे भूमितीचा एक नियम आहे. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे स्पष्ट केले होते. स्नायूचे बळ मुख्यतः त्याच्या छेदावर अवलंबून असते. म्हणून देह वाढतो, त्या प्रमाणात बळ वाढत नाही.

आता एका प्रसिद्ध कड्याची हकिगत ऐका. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी नावाचे खोरे आहे. तेथे एल कॅपिटन हा ग्रॅनाइट खडकाचा सुमारे ९०० मीटर उंचीचा कडा उभा आहे. त्याच्या मधोमध पुढे आलेल्या धारेला ‘नोज’, म्हणजे ‘नाक’, असे नाव आहे. १९५८ साली ही धार प्रथम चढली गेली, तेव्हा आरोहकांनी खडकात खिळे ठोकून त्यांचा आधार घेतला होता. त्यांना सुमारे ४५ दिवस चढाई करावी लागली. पुढे प्रश्न निघाला, की खिळ्यांना न लटकता, दोर केवळ पडल्यास सावरण्यापुरता ठेवून, हातापायांनीच ही धार चढता येईल का? अनेक बलवान पुरुषांनी प्रयत्न केले. त्यांना यश आले नाही.

१९९३ साली लिन हिल या महिलेने ते करून दाखवले. तिची उंची सुमारे १५७ सेंटिमीटर. मार्गात एका भल्यामोठ्या छताखाली अरुंद फट आहे. तिच्यात तिची बारीक बोटे चांगली बसली. परंतु त्याहून वर, जवळजवळ काहीच धरता येत नाही अशा एका कोपऱ्यात, तिला वेगळीच युक्ती शोधावी लागली. हात आणि पाय समोरासमोरच्या भिंतींवर दाबून आणि अंग वळवून ती इंच इंच वर सरकली. पुढच्याच वर्षी तिने हा सारा मार्ग चोवीस तासांच्या आत पुरा केला. २००५ साली टॉमी कॉल्डवेल यानेही हा मार्ग त्याच रीतीने सर केला. त्याच्या डाव्या हाताची तर्जनी २००१ साली अपघातात तुटली होती.

यावरून दंडाच्या बळाला किंमतच नाही, असे मात्र समजू नका. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा खडक जेव्हा अंगावर झुकलेला असतो, तेव्हा पाय फारसा भार घेऊ शकत नाहीत आणि खांद्यांना व दंडांना झुंजावे लागते. लिन हिल लहानपणी जिम्नॅस्टिक्स शिकली होती. तीही दुबळी नव्हती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४४ आरोहकांची तपासणी झाली. उंची आणि हातापायांची लांबी यांवरून त्यांच्या कौशल्याचा जवळजवळ काहीच अंदाज करता आला नाही. वजनाच्या मानाने असलेले बळ, पकड यांसारख्या सरावाने कमावता येणाऱ्या गुणांवरून मात्र बराच अंदाज आला.

आता पायथ्याशी उभ्या असलेल्या त्या दोघांकडे पुन्हा पाहू. केवळ दंड पाहून आपल्याला उत्तर देता येणार नाही. त्यांची बोटे किती भार पेलतात, वजन किती आहे, पाय कोठे ठेवावा हे कोणाला कळते आणि सराव कोणी किती वर्षे केला आहे, हे विचारावे लागेल. आपल्याविषयीही ‘मला हे जमणार नाही’ असे आरशात पाहून ठरवू नये. मात्र ही विद्या जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, दोर बांधूनच शिकावी. तुमच्या वयात बोटांची हाडे वाढत असतात. त्यांचा वाढता भाग नाजूक असतो. म्हणून बोटांवर फार ताण देणारे व्यायाम आताच करू नयेत. आधी पाय नेमका ठेवायला शिकावे. बोटांचे बळ पुढे सरावाने वाढवता येते.