१ ऑगस्ट : एका तारखेचे वारसदार किती?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर साठी ओलांडलेल्या माणसाला जन्मतारीख विचारा. बहुतेक वेळा एकच उत्तर येते, १ जून. सारा पाडा एकाच दिवशी कसा जन्मला? घरात नोंद नव्हती. आईला आठवे ते एवढेच की, पोर आवणीच्या दिवसांत झाले. गुरुजींनी शाळेच्या वर्षाला जुळेल अशी तारीख टाकली आणि तीच जन्मभर कागदोपत्री चिकटली. ज्यांना स्वतःची तारीख नाही त्यांच्यासमोर आपण महापुरुषांच्या तारखांचे फलक लावतो. तेव्हा या तारखा जरा उलगडून बघायला हव्यात.

१ ऑगस्ट घ्या. १९२० साली याच दिवशी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक वारले. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात अण्णा भाऊ साठे जन्मले तेही याच दिवशी. शाळाशाळांतून दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी ठेवल्या जातात. मग शेंगा आणि टरफलांची गोष्ट अर्धा तास चालते आणि अण्णा भाऊंच्या वाट्याला आभारप्रदर्शनाआधीची दोन मिनिटे येतात! त्याच १९२० च्या ३१ जानेवारीला बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला होता. त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, तेव्हा टिळक हयात होते. मार्चमध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगाव परिषद झाली आणि जुलैत बाबासाहेब पुढच्या शिक्षणासाठी लंडनला निघाले. हे सारे त्या एका वर्षात घडले, पण १ ऑगस्टच्या भाषणात ते येत नाही.

शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या अण्णा भाऊंनी १९५९ मध्ये 'फकिरा' दिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी शेषनागाला बाजूला सारून पृथ्वी कोणाच्या तळहातावर उभी आहे ते सांगितले. ते लाल बावट्याचे म्हणून आपल्यातल्या काहींनी त्यांना बरीच वर्षे परके मानले. हे कबूल केलेले बरे.

साहेबाच्या देशाचाही या तारखेशी संबंध आहे. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी संपवणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली, पण ती गुलामांना नव्हे, मालकांना! सुटलेल्या बहुतेकांना 'उमेदवार' म्हणून त्याच मालकांकडे आणखी चार वर्षे राबावे लागले. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तर या कायद्यातून वगळलाच होता. आपल्या ठाणे जिल्ह्यात डहाणू-उंबरगावकडे लग्नासाठी कर्ज काढणारा वारली नवरा-बायकोसह सावकाराचा 'लग्नगडी' होत असे. ती वेठ मोडायला १९४५ चा वारल्यांचा लढा व्हावा लागला.

१ ऑगस्ट हा महसूल दिन. २०१४ साली याच दिवशी ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. आदिवासींच्या विकासासाठी नवा जिल्हा, असे सांगितले गेले. मुख्यालय मात्र पश्चिम रेल्वेवरच्या पालघरला गेले. मोखाड्याच्या माणसाला नाशिक जवळ आणि स्वतःचा जिल्हा लांब! वावर-वांगणीची बालके १९९२ मध्ये कुपोषणाने गेली, तेव्हाही कारभार लांब होता. जिल्हा झाल्यावर दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, मोखाड्याचे नाव त्याच कारणासाठी पुन्हा वर्तमानपत्रांत आले.

आणि आता २०२४. अण्णा भाऊंच्या जयंतीदिवशीच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. २००४ चा चिन्नय्या निकाल रद्द झाला. मातंग समाजातील अनेकांनी स्वागत केले, बौद्धांपैकी अनेकांनी विरोध केला. २१ ऑगस्टला भारत बंदही झाला. एकाच पंगतीतले दोन भाऊ समोरासमोर उभे राहिले, याचा आनंद कोणाला झाला असेल हे वाचकांना सांगायला नको. सरकारी भरती आटत चालली, सफाईपासून शिपायापर्यंतची कामे कंत्राटदाराकडे गेली, आणि आपण उरलेल्या तुकड्याची वाटणी मोजत बसलो.

पण एवढे बोलून विरोधकांची सुटका होत नाही. हाच तर्क अनुसूचित जमातींनाही लावला जाईल. जव्हार-मोखाड्यात महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकूर आणि कातकरी राहतात. त्यांत कातकरी सर्वांत मागे आहे, सरकारच त्याला आदिम जमात म्हणते. दिवाळी झाली की तो उचल घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्टीवर जातो, पोरांची शाळा तिथेच सुटते. राखीव जागेचा लाभ त्याच्यापर्यंत का पोहोचला नाही, असे त्याने विचारले तर आपण काय सांगणार? मातंग बांधवही आपल्याला तेच विचारत आहेत. या १ ऑगस्टला प्रतिमेला हार घालून झाल्यावर जव्हारच्या कार्यकर्त्यांनी, बौद्ध, मातंग, वारली, कातकरी अशा साऱ्यांनी, एका सतरंजीवर बसून निदान हा एक प्रश्न सभेत घ्यावा. भाषणे थोडी कमी झाली तरी चालतील.