उलटतपासणीपर्यंत सोबत

लैंगिक अत्याचारविरोधी चळवळीचा इतिहास आपल्याकडे कलमांनी मोजतात. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातले १९७२ चे मथुरा नावाच्या मुलीवरील बलात्काराचे प्रकरण, आरोपींच्या सुटकेनंतर १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी लिहिलेले खुले पत्र, कायद्यातली १९८३ ची दुरुस्ती, मग २०१३ ची, हा क्रम वाचकांना पाठ आहे. कायदे आंदोलनांनी बदलले हे खरेच. पण खटला उभा राहतो तो बाईबरोबर ठाण्यात, दवाखान्यात आणि कोर्टात जाणाऱ्या कार्यकर्तीच्या बळावर. तिच्या उभ्या हयातीच्या कामाला मात्र आपण अजून समाजसेवाच म्हणतो, पेशा म्हणत नाही.

मथुरा खटल्यातच पाहा. अंगावर जखमा नाहीत, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने मोठा मानला. जखम नसणे म्हणजे संमती नव्हे, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत आले आहे. रात्रपाळीच्या डॉक्टरला ते आठवेलच असे नाही. जाणती कार्यकर्ती शेजारी असली की तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी संमती विचारली जाते, बाईने मध्यंतरी आंघोळ केली असेल तर तशी नोंद होते, ओले कपडे वाळवून प्लॅस्टिकऐवजी कागदी पाकिटात जातात आणि अहवालाची प्रत बाईच्या हाती पडते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते मुळात घरगुती हिंसेसाठी. पण समुपदेशक रुग्णालयातच बसवण्यातले शहाणपण पुढे लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतही उपयोगी पडले.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की असल्या बायका साक्षीदाराला पढवतात. पण घटनेबद्दल काय बोलायचे हे कार्यकर्ती सांगतच नाही. पुकारा झाल्यावर कुठे उभे राहायचे, प्रश्न कळला नाही तर न्यायाधीशांना तसे सांगता येते, एवढेच ती समजावते. पढवणे चालते ते बाहेर व्हरांड्यात, आरोपीचे नातलग तडजोडीची भाषा करतात तिथे; त्याची तक्रार हे टीकाकार कधी करत नाहीत. दुसरे टीकाकार म्हणजे फाशीच हवी म्हणणारे. शिक्षेचा प्रश्न निकालाच्या दिवशी येतो, बाई खचते ती त्याआधी तारखांवर तारखा पडताना.

पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली मुलांना सहाय्यक व्यक्ती मिळते आणि ती ऐच्छिक ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली बजावले. प्रौढ स्त्रीसाठी कायद्यात असे कलम नाही. हल्ली मदत केंद्रे वाढली, फलक चकाचक झाले; कार्यकर्ती मात्र कंत्राटावर. खटला चालू असतानाच तिची मुदत संपते, नवी येते, फाईल उघडते आणि बाईला म्हणते, ताई, पहिल्यापासून सांगा.