हाताला काय शिकवायचे, ते आपणच सांगू

लकवा झालेला माणूस काही महिन्यांनी काठी टेकत अंगणात येतो, पण हात बहुधा मागेच राहतो. भंडारा जिल्ह्यात आपल्या कितीतरी घरांचे पोट हातावरच चालते. पान कापून तंबाखू भरणे, विडी वळणे, दोरा बांधणे, रोवणीला रोपे चिखलात खोचणे, ही सगळी कामे अंगठ्याची आणि बोटांची. हात थांबला की मजुरी थांबते.

लकव्यात हाताला हुकूम देणारा मेंदूचा भाग दुखावतो. तीच हालचाल शेकडो वेळा केली, तर मेंदूचा उरलेला भाग ते काम थोडेफार शिकू शकतो. एवढा सराव करवून घ्यायला थेरपिस्टकडे वेळ नसतो. म्हणून वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी 'प्लुटो' हे टेबलावर मावणारे रोबोट यंत्र तयार केले. मोटर एकच; तिला जोडायची मूठ बदलली की मनगट वळवणे, पंजा उघडणे, बोटांनी धरणे यांचा सराव होतो. रुग्णाची ताकद कमी पडते तिथे यंत्र मदत करते. पडद्यावरच्या खेळामुळे कंटाळाही येत नाही.

पण पट्टा एका हाताने बांधता येतो का, बोट कुठे दुखते, लहान खोलीत यंत्र ठेवायचे कुठे, हे वापरणाराच सांगू शकतो. त्याला न विचारता बनवलेले यंत्र कपाटातच पडून राहते.

यंत्र आपल्या वस्तीत येईल तेव्हा येईल. विचारण्याची आणि सांगण्याची सवय आजच लावू. फिजिओथेरपीला जाताना नुसते "हात चालत नाही" म्हणू नका. "विडी बांधायची आहे", "पोलक्याची बटणे लावायची आहेत", "वंदनेला दोन्ही हात जोडायचे आहेत", असे नेमके सांगा. सराव त्यावरच बेतता येतो.

आणखी तीन गोष्टी. लुळा हात धरून माणसाला ओढून उठवू नका, खांदा दुखावतो. मूठ घट्ट मिटत असेल तर थेरपिस्टला विचारल्याशिवाय चेंडू दाबायला देऊ नका. अशा हाताला उघडण्याचा सराव अधिक लागतो. आणि तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर झाडपाल्यात वेळ न दवडता लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते.