सामूहिक ध्यान

ठरलेल्या वेळी व ठिकाणी एकत्र बसून, परंतु प्रत्येकाने स्वतंत्रपणे व मौन राखून करावयाची ध्यानसाधना. भजन वा सामुदायिक प्रार्थनेत उच्चार सर्वांचा एकच असतो. येथे केवळ शिस्त सामाईक असते, चित्ताचे निरीक्षण ज्याचे त्यालाच करावे लागते. बौद्ध धर्मात बुद्ध व धम्म यांच्या जोडीने संघ हेही शरणस्थान मानले असल्याने या प्रथेस तेथे विशेष महत्त्व आले. तिचे अत्यंत रेखीव रूप जपानमधील झेन पंथात आढळते.

‘झेन’ हा शब्द संस्कृत ‘ध्यान’, पाली ‘झान’ व चिनी ‘छान’ या क्रमाने सिद्ध झाला. बोधिधर्म या भारतीय भिक्षूने इ. स. सु. पाचव्या-सहाव्या शतकांत ही परंपरा चीनमध्ये नेली, असे मानतात. जपानमध्ये एइसाई (११४१–१२१५) याने रिंझाई, तर डोगेन (१२००–५३) याने सोतो शाखा रुजविली. बैठ्या ध्यानास ‘झाझेन’ व ध्यानगृहास ‘झेंदो’ म्हणतात. साधक गोल उशीवर मांडी घालून, कणा ताठ व डोळे अर्धोन्मीलित ठेवून बसतात. सोतो शाखेत भिंतीकडे, तर रिंझाई शाखेत खोलीच्या मध्याकडे तोंड करून. घंटेच्या ठोक्याने सुरू होणारी बैठक सामान्यतः २५ ते ४० मिनिटांची असते. दोन बैठकींच्या दरम्यान रांगेने संथपणे चालत ध्यान करतात. त्यास ‘किन्हिन’ ही संज्ञा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मठाबाहेरील गृहस्थांची लहान मंडळे अनेक देशांत निघाली. एक खोली, काही आसने व एक घंटा एवढ्यावर असे मंडळ चालू शकते. वेळ राखणे, घंटा वाजविणे, जागा झाडणे ही कामे सभासद पाळीपाळीने करतात. एकटा साधक पाय दुखू लागताच उठतो. शेजारी स्थिर बसलेला असता तो सहसा उठत नाही. नियमितपणा टिकतो तो अशा परस्परांच्या आधाराने. तथापि मार्गदर्शकाविना तंद्रीलाच समाधी समजण्याचा धोका असतो. म्हणून गुरूची एकांत भेट (‘दोकुसान’) व काही दिवसांची सलग साधना (‘सेशिन’) यांना झेन परंपरेत महत्त्वाचे स्थान आहे. भारतात तमिळनाडूतील कोडाईकनालजवळ जेझुइट धर्मगुरू ए. एम. ए. सामी यांनी १९९६ मध्ये ‘बोधि झेंदो’ हे केंद्र स्थापिले.

महाराष्ट्रात भिक्षूंच्या सहवासाची परंपरा प्राचीन आहे. कान्हेरीच्या शंभरांहून अधिक लेण्यांत भिक्षूंसाठी खडकात कोरलेले बाक दिसतात व तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील दात्यांचे उल्लेख आहेत. भिवंडी तालुक्यात लोनाड येथेही बौद्ध लेणे आहे. आधुनिक काळात मात्र सामूहिक ध्यानाचा प्रसार झेनपेक्षा विपश्यनेद्वारे अधिक झाला. सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी १९६९ मध्ये म्यानमारहून येऊन मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’वर शिबिरे भरू लागली. दहा दिवसांच्या शिबिरात एकेका तासाच्या तीन सामूहिक बैठकी रोज होतात. शिबिर संपल्यावर आठवड्यातून एकदा तरी इतरांसमवेत बसावे, असे साधकांना सांगितले जाते. येथे डोळे मिटून शरीरातील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण करतात. झाझेनमध्ये डोळे उघडेच राहतात. गोराई येथील पॅगोडाच्या घुमटाखाली सु. ८,००० साधक एकत्र बसू शकतात.

महाराष्ट्रातील बौद्ध समाजात या साधनेविषयी एक मूलभूत प्रश्न विचारला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली व १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द बुद्ध अँड हिज धम्म या ग्रंथात, धम्म म्हणजे माणसामाणसांतील सद्‌वर्तन होय, असे प्रतिपादिले. तेव्हा डोळे मिटून बसण्याने अन्यायाकडे पाठ तर फिरविली जात नाही ना, ही शंका रास्त ठरते. संघरक्षित (१९२५–२०१८) यांच्या प्रेरणेने १९७९ च्या सुमारास पुण्यात सुरू झालेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाने आनापानस्मृती व मैत्रीभावना या ध्यानांबरोबरच ‘बहुजन हिताय’ या उपक्रमातून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवून या शंकेस उत्तर देण्याचा प्रयत्न केला. ध्यानमंडळाचे मोल बैठकीतील शांततेइतकेच, तेथून उठलेल्या माणसाच्या वर्तनावरून ठरवावे, अशी भूमिका त्यामागे दिसते.