सुतारकामाची खोली : कुलूप नको, मांडणी हवी

दोन वर्षांपूर्वी, पोळ्याला पंधरा दिवस उरले असताना, वाशीम जिल्ह्यातील एका गावचे सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक डाव्या तळहाताला पंचा गुंडाळून माझ्या दवाखान्यात आले. तान्ह्या पोळ्यासाठी नातवाला लाकडी नंदी करून देण्याचा त्यांचा बेत होता. काम करताना पटाशी घसरली आणि तळहातात शिरली. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेला असल्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरू होत्या. त्यामुळे रक्त थांबता थांबेना. अखेर पाच टाके घातले. टाके घालता घालता मी त्यांच्या मुलाला म्हणालो, ‘‘गुरुजींचे हे सुतारकाम आता बंद करा. या वयात कशाला हवा हा उद्योग?’’

मुलाने माझा शब्द प्रमाण मानला. हत्यारांच्या खोलीला कुलूप लागले. नंदी अर्धवट राहिला. नातवाने बाजारातला विकतचा नंदी फिरवला.

चार महिन्यांनी गुरुजी पुन्हा आले. झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, अशी तक्रार होती. वजन उतरले होते. रक्त, साखर, थायरॉइड, हृदयाचा आलेख, सारे तपासून झाले. नवा दोष सापडला नाही. मी औषध लिहायला घेतले, तेव्हा सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, यांना आणखी गोळ्या नका देऊ. त्या खोलीचं कुलूप काढायला सांगा.’’

त्याच संध्याकाळी मी ती खोली पाहायला गेलो. एकच दिवा, तोही बसणाऱ्याच्या पाठीमागे. म्हणजे हातातल्या कामावर स्वतःचीच सावली. हत्यारे खाटेखालच्या लोखंडी पेटीत, एकावर एक. बसायला जमिनीवर पोते. लाकूड धरायला शिकंजा नव्हता. डाव्या हाताने लाकूड धरायचे आणि उजव्या हाताने त्याच दिशेने पटाशी रेटायची, अशी रीत. ही जखम गुरुजींच्या वयाने केली नव्हती, खोलीच्या मांडणीने केली होती. मी मात्र टाके घालताना मांडणीविषयी एक प्रश्नही न विचारता वयाला दोषी ठरवून मोकळा झालो होतो. हा लेख त्या चुकीची भरपाई आहे.

हातांना काम का हवे

हाताचे काम हा बुद्धीचाच व्यायाम आहे, हा विचार विदर्भाला नवा नाही. 1937 साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने शाळेत शिकवायच्या मूलोद्योगांत सूतकताई व शेतीबरोबर सुतारकामालाही स्थान दिले. मुलांसाठी जे खरे, ते वृद्धांसाठीही बऱ्याच अंशी खरे आहे. माप घेणे, ते लक्षात ठेवणे, डोळा आणि हात यांचा मेळ घालणे, चूक झाल्यास दुसरा मार्ग शोधणे, या साऱ्या क्रिया सुतारकामात एकत्र येतात.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी पंच्याऐंशी वर्षे व त्यापुढील 256 व्यक्तींचा सुमारे चार वर्षे पाठपुरावा करून 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मध्यम वयात आणि उतारवयातही शिवण, सुतारकाम, मातीकाम यांसारख्या हस्तकला जोपासणाऱ्यांत स्मृती व विचारशक्तीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाण 45 टक्क्यांनी कमी आढळले. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. ज्यांची बुद्धी तल्लख असते तेच छंद टिकवतात, असेही असू शकते. परंतु छंद काढून घेण्याच्या बाजूने यात काहीच नाही. ऑस्ट्रेलियात तर निवृत्त पुरुषांनी एकत्र येऊन सुतारकाम करण्याची सामुदायिक दालने 1990च्या दशकापासून उभी राहिली. एकाकीपणावरचा उपाय म्हणून आज तेथे अशी हजारावर दालने आहेत. समोरासमोर बसून मन मोकळे न करणारे पुरुष शेजारी उभे राहून रंधा मारताना बोलू लागतात, हा तेथला अनुभव आपल्या घरातही पडताळून पाहता येईल.

जागा आणि उजेड

खोली मोठी नको. आठ फूट बाय दहा फूट पुरे. ती तळमजल्यावर असावी, स्वच्छतागृहापासून जवळ असावी आणि तिच्या दाराला आतून कडी नसावी. पत्र्याच्या शेडमध्ये काम करीत असाल, तर आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत हत्यारे खाली ठेवा. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा नियम कटाक्षाने पाळावा.

साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणून छतावरच्या दिव्याखेरीज कामाच्या टेबलावर मान वळविता येणारा एक दिवा हवाच. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, म्हणजे सावली पडत नाही. वाचनाचा चष्मा वीतभर-दीड वीत अंतरासाठी असतो. टेबलावरचे काम हातभर अंतरावर असते. नेत्रतज्ज्ञांना ते अंतर मोजून सांगा आणि त्यासाठी वेगळा चष्मा करून घ्या.

फरशीवर भुस्सा साचला की पाय घसरतो. वायर वाटेत आली की पाय अडखळतो. वृद्धापकाळी खुब्याचे हाड मोडणे हे पटाशीच्या जखमेहून कितीतरी मोठे संकट आहे. म्हणून काम संपताच झाडणे आणि वायर भिंतीकडेने नेणे, हे सुतारकामाचेच भाग समजावेत. लाकडाचा साठा जमिनीवर रचू नका. फूटभर उंच घोडीवर, भिंतीपासून थोडा दूर ठेवा. त्यामुळे वाळवी आणि ओल टळते, आणि पावसाळ्यात विंचू-साप दडून बसला असल्यास तो दिसतो. फळी उचलण्यापूर्वी बॅटरीचा उजेड टाकण्याची सवय ठेवा.

टेबल, बैठक आणि हत्यारे

आपल्याकडचा पारंपरिक सुतार जमिनीवर बसून, पायाच्या तळव्यांनी लाकूड धरून काम करतो. झिजलेल्या गुडघ्यांना ती बैठक झेपत नाही, आणि उठताना तोलही जातो. उभे राहून कोपर काटकोनात वाकवा. कोपरापासून साधारण चार ते सहा इंच खाली टेबलाचा पृष्ठभाग असावा. रंधा मारण्यासारख्या जोराच्या कामाला तो आणखी थोडा खाली चालतो. टेबल जड आणि न हलणारे हवे. शेजारी हात टेकता येईल अशी खुर्ची ठेवावी आणि वीस-पंचवीस मिनिटांनी बसावे.

सर्वांत आधी खरेदी करायची वस्तू म्हणजे शिकंजा. लाकूड शिकंज्यात धरले की दोन्ही हात पटाशीच्या मागे राहतात. हात धारेपुढे कधीही येणार नाही, एवढा एकच नियम पाळला तरी बहुतेक जखमा टळतात. धारही लावलेलीच हवी. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो आणि जोर लावलेली पटाशीच घसरते.

हत्यारे पेटीत कोंबू नका. भिंतीवर प्लायवूडचा फळा ठोका आणि कंबर ते खांदा या पट्ट्यातच करवत, रंधा, पटाशी, गुण्या, हातोडी टांगा. प्रत्येकाभोवती रंगाने आकृती रेखाटा. रिकामी आकृती दिसली की कोणते हत्यार जागेवर नाही ते तत्काळ कळते. विसराळूपणा सुरू झालेल्यांना याचा मोठा आधार होतो. जड वस्तू कंबरेच्या उंचीवर ठेवाव्यात. स्टुलावर चढून काढावी लागेल अशी एकही वस्तू खोलीत नको.

यंत्रे आणि वीज

शक्यतो हाताची हत्यारेच वापरावीत. यंत्र हवेच असेल तर ड्रिल आणि लहान जिगसॉ पुरे. गोल पात्याचे कटर साठीनंतर नव्याने शिकू नये. जाड फळ्या गावातल्या आरागिरणीवरून चिरून आणाव्यात. यंत्राजवळ जाताना धोतराचा सोगा, उपरणे, गळ्यातली तुळशीची माळ आत खोचा. फिरत्या पात्यापाशी हातमोजे घालू नका, कारण मोजा अडकला की हातही ओढला जातो.

एक धोका आपल्या भागात विशेष आहे. वीज जाते, आपण यंत्र तसेच ठेवून चहाला जातो, परत येऊन लाकूड नीट लावतो आणि नेमकी तेव्हाच वीज येते; बटण चालूच असल्यामुळे यंत्र फिरू लागते. म्हणून वीज जाताच प्लग काढायचा, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. खोलीत अर्थिंगची तीन पिनांची जोडणी आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या.

धूळ, आवाज आणि तेल

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांत केला. हा धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षे कारखान्यात काम करणाऱ्यांच्या नाकाशी व नाकालगतच्या पोकळ्यांशी संबंधित आहे. छंद म्हणून काम करणाऱ्याने घाबरू नये, पण निष्काळजीही राहू नये. दमा किंवा जुनाट खोकला असणाऱ्यांना सागाची बारीक धूळही त्रास देते. घासकाम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करावे. तोंडाला रुमाल पुरत नाही. एन-95 मुखपट्टी वापरावी. भुस्सा कोरडा झाडू नये, थोडे पाणी शिंपडून गोळा करावा. प्लायवूड आणि एमडीएफ यांना जोडणाऱ्या रसायनांतही दोष असतो, म्हणून ते बंद खोलीत घासू नयेत.

यंत्राचा आवाज बोलणे ऐकू येऊ देत नसेल, तर तो कानाला घातक आहे असे समजा आणि कानात बोळे घाला. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते काढून मग बोळे घालावेत.

लाकडाला जवसाचे तेल लावण्याची पद्धत चांगली आहे. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि तो बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना काय विचारावे

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी काम करू नये. खिशात साखर ठेवावी. हात थरथरू लागले किंवा घाम फुटला, तर आधी हत्यार खाली ठेवावे. भोवळ, फिट, कंपवात असणाऱ्यांनी यंत्राला हात लावू नये. झोपेच्या किंवा खाज-सर्दीच्या गोळीने गुंगी येत असेल, तर त्या दिवशी घासकामच करावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर धुळीचे काम कधी सुरू करायचे, ते नेत्रतज्ज्ञ सांगतील तेव्हाच. रक्त पातळ ठेवणारी गोळी छंदासाठी स्वतःहून बंद करणे हा तर जिवाशी खेळ आहे. गोळी सुरूच ठेवावी आणि खोली सुरक्षित करावी. धनुर्वाताच्या टीडी लसीची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यावी.

जखम झालीच, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात हृदयापेक्षा वर धरा आणि दहा ते पंधरा मिनिटे दाब सोडू नका. मधूनमधून कापड उचलून पाहिल्यास धरलेली गुठळी सुटते. हळद किंवा चहापत्ती भरू नका. बोट तुटले, तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पिशवीत ठेवा. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका. मग 108 ला फोन करा.

घरच्यांसाठी

वृद्धांच्या हातून काम काढून घेण्याआधी काम बदलता येते का, ते पाहावे. यंत्र झेपेनासे झाले की करवत राहते, करवत झेपेनाशी झाली की रंधा आणि पॉलिश पेपर राहतो. तोही नको झाला, तर माप सांगणे आणि नातवाला गुण्या कसा धरायचा ते शिकविणे राहते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीलाही कडा घासलेल्या ठोकळ्याला तेल चोळण्यात समाधान मिळते. ती व्यक्ती काम करीत असताना कोणीतरी हाकेच्या अंतरावर असावे. मात्र मानेवर उभे राहू नये.

गुरुजींच्या खोलीचे कुलूप दुसऱ्या दिवशी निघाले. कटर त्यांनी स्वतःहून गावातल्या एका सुताराला देऊन टाकले. मुलाने टेबल, शिकंजा आणि दिवा आणला. फळ्यावरच्या आकृत्या सुनेने रंगवल्या. झोपेची गोळी मला लिहावी लागली नाही. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन दवाखान्यात आले. त्याच्या हातात चाके लावलेला नंदी होता. एक शिंग दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड होते. मी ते पाहतो आहे असे लक्षात येताच गुरुजी म्हणाले, ‘‘ते माझं नाही, याचं काम आहे. पुढच्या वर्षी बरोबर करील.’’