भिंतींना गोधडी, घराला ओल

थंडगार पडणाऱ्या घराच्या भिंतींवर जाड आवरण चढवले की आतली ऊब टिकते, हीटरचे बिल उतरते आणि दम्याच्या रुग्णांना हिवाळा सुसह्य होतो. ब्रिटनमध्ये सरकारी योजनांतून ऊर्जाबचतीची अशी कामे लाखो घरांत झाली, तीही अनेकदा घरमालकाच्या खिशाला हात न लावता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या कामांवर अहवाल दिला. २०२२ नंतरच्या दोन योजनांतून ज्या घरांच्या भिंतींना बाहेरून आवरण बसवले गेले, त्यांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्तीवाचून गत्यंतर नाही इतके मोठे दोष असल्याचा अंदाज त्यात आहे. म्हणजे २२ ते २३ हजार घरे. आतल्या बाजूने आवरण बसवलेल्या घरांत हे प्रमाण २९ टक्के. काही थोड्या घरांत तर उघड्या वीजवाहिन्या किंवा बॉयलरची झाकली गेलेली हवेची वाट, असा तातडीचा धोका होता. बाकीच्या घरांतले दोष सावकाश काम करतात. ते तसेच राहिले, तर ओल धरते आणि मग बुरशी.

शंभरातली अठ्ठ्याण्णव कामे चुकतात, तेव्हा एखाद्या कारागिराच्या हाताला दोष देऊन भागत नाही. काय बिघडले हे कळायला आधी भिंतीत काय घडते ते पाहावे लागेल.

घरात ओल कुठून येते? आपल्याकडे कोणीही सांगेल, पावसातून. ब्रिटनमध्ये हे उत्तर अर्धेच खरे. उरलेली ओल माणसांचीच असते. चौघांचे कुटुंब श्वास, घाम, आंघोळ, स्वयंपाक आणि घरातच वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाकाठी सुमारे दहा लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडते. (कुकरच्या शिट्ट्या होणाऱ्या मराठी घरात अंमळ जास्तच.) खोलीचे तापमान २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर त्या हवेत दमटपणा फारसा जाणवत नाही. मात्र तीच हवा १५ अंशांच्या भिंतीला टेकली की भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि भिंत १२ अंशांवर असेल तर तिला पाणी सुटते. बुरशीला पाण्याच्या थेंबाची वाट पाहावी लागत नाही. पृष्ठभागावर ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता टिकून राहिली की तिचे भागते.

आवरण नीट बसले, तर भिंतीची आतली बाजू उबदार राहते आणि बुरशीचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो. पण खिडकीची चौकट, छपराखालची कड, गॅसमीटरची पेटी अशा अडचणीच्या जागा सोडून बाकी भिंत झाकली, की त्या सुटलेल्या जागा थंडच राहतात. जुन्या घराच्या फटींतून वाफ निदान बाहेर तरी जात होती. नव्या खिडक्या आणि बुजवलेल्या फटी यांनी ती वाट बंद होते. पंखा किंवा झरोका बसवला नाही, तर सगळी वाफ त्या चार थंड जागा शोधून काढते. पलंगामागचा कोपरा, कपाटाची पाठ, न्हाणीघराचे छत. घर पूर्वीपेक्षा उबदार झालेले असते आणि तरीही काळे डाग वाढत असतात, याचे कोडे घरमालकाला उलगडत नाही. अशा वेळी ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही’ असे सांगून त्याचीच बोळवण होते. हे उत्तर अगदी खोटे नाही; पण ज्याने वाफेची वाट बंद केली, त्याच्या तोंडी ते शोभत नाही.

दुसरी वाट पावसाची. १९१९ पूर्वीची कितीतरी ब्रिटिश घरे भरीव विटांची आणि चुन्याच्या दर्जांची आहेत. अशी भिंत पावसात थोडी भिजते आणि वाऱ्यावर सुकते. तिच्यावर बाहेरून दहा-एक सेंटिमीटरचे आवरण चढले की भिंत जाड होते आणि छपराची वळचण तिला अपुरी पडते. वरची कड पक्की बंद केली नाही, तर पाणी आवरणामागे उतरते आणि तिथेच राहते. भिजल्या अंगावर रेनकोट घातल्यासारखी भिंतीची गत होते. विसाव्या शतकातल्या घरांची रचना वेगळी आहे. त्यांत विटांचे दोन पडदे आणि मध्ये पाचेक सेंटिमीटरची पोकळी असते. बाहेरच्या पडद्यातून झिरपलेले पाणी आतल्या पडद्यापर्यंत पोहोचू नये, यासाठीच ती ठेवलेली असते. बचतीच्या योजनांत बाहेरून भोके पाडून ही पोकळी तंतूंनी किंवा फेसाने भरली जाते. कोरड्या, आडोशाच्या जागी हे बेलाशक चालते. पण वाऱ्याबरोबर आडवा पाऊस झोडपणाऱ्या पश्चिम किनाऱ्यावर, भेगाळलेल्या विटांच्या घरात ते केले, तर पाण्याला आत यायला पूलच बांधून दिल्यासारखे होते.

हे सगळे २०२५ मध्ये अचानक उघड झाले असेही नाही. वायव्य इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहराच्या फिशविक भागात २०१३ मध्ये शेकडो घरांना अशाच एका योजनेतून बाहेरचे आवरण बसले. पाणी आत शिरले, गिलावा फुगून पडला, खोल्या बुरशीने काळवंडल्या आणि काम करणारे निघून गेल्यावर रहिवासी वर्षानुवर्षे दुरुस्तीसाठी दारोदार फिरत राहिले. २०१६ मध्ये आलेल्या सरकारी आढाव्यानंतर दर्जाचे नवे चिन्ह आणि २०१९ मध्ये नवे मानक आले. घर संपूर्ण पाहावे, हवा खेळती राहण्याचा विचार आवरणाबरोबरच करावा, असे त्या मानकात लिहिलेले आहे. ९८ टक्क्यांचा आकडा त्यानंतरचा आहे.

मेख पैशाच्या वाटेत आहे. ही योजना चालवण्याचे बंधन वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांवर होते. इतक्या घरांत इतकी बचत दाखवा, असा त्यांचा हिशेब. त्यांनी काम ठेकेदाराला द्यायचे, त्याने उपठेकेदाराला, आणि प्रत्यक्ष भिंतीवर हात चालवणारा माणूस त्याही पुढचा. अपुरे कौशल्य, मानकांबद्दलचा गोंधळ आणि चालढकल ही कारणे लेखापरीक्षकांनी नोंदवली आहेत. न झालेल्या कामांचे दावे करून ५.६ कोटी ते १६.५ कोटी पौंड लाटले गेले असावेत, हा ऊर्जा नियामकाचा अंदाजही त्यात आहे. या साखळीत घरमालकाची फक्त सही लागते. ‘सगळे फुकट आहे’ म्हणत दारात आलेल्या माणसाला खोदून विचारायला तो संकोचतो. खरे तर फुकट काहीच नसते. योजनेचा खर्च सगळ्या ग्राहकांच्या बिलांतूनच वसूल होतो.

काम बिघडल्यावरचा अनुभव याहून वाईट. ठेकेदार कंपनी बंद झालेली असते, हमीपत्राला अटी आणि रकमेची मर्यादा असते. पोकळी भरण्याच्या कामांबद्दल दावे लावणारी शेफील्डची एक वकिली कंपनी जानेवारी २०२४ मध्ये बुडाली. ‘हरलात तर काही द्यावे लागणार नाही’ या भरवशावर दावा लावलेल्या कुटुंबांच्या हाती प्रतिपक्षाच्या वकिलांची हजारो पौंडांची बिले पडली. भाडेकरूंची स्थिती निदान कागदावर बरी आहे. रॉचडेलच्या भाड्याच्या घरात बुरशीमुळे श्वसनाचा आजार होऊन २०२० मध्ये दगावलेल्या दोन वर्षांच्या अवाब इशाकच्या नावाने इंग्लंडमध्ये कायदा झाला. (त्या घराचा आवरणाच्या योजनेशी संबंध नव्हता.) ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माण संस्थांना ओल आणि बुरशीच्या तक्रारींची ठरावीक मुदतीत दखल घ्यावी लागते. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला असा कायदा नाही. त्याच्या घराचा मालक तोच.

मग भिंतींना गोधडी घालणेच चूक का? मुळीच नाही. न्यूझीलंडमध्ये फिलिपा हाउडन-चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्नाच्या सात वस्त्यांमधल्या १,३५० घरांची पाहणी केली. निम्म्या घरांत लगेच इन्सुलेशन केले, उरलेल्या घरांत अभ्यास संपल्यावर. २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेले निष्कर्ष असे, की झोपण्याच्या खोलीचे तापमान जेमतेम अर्ध्या अंशाने वाढले आणि आर्द्रता दोन-सव्वादोन टक्क्यांनी घटली. एवढ्याशा फरकाने छातीत घरघर होण्याची आणि मुलांची शाळा बुडण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आली. त्या घरांत छतावर आवरण घातले, फटी बुजवल्या आणि जमिनीतून येणारी वाफ अडवायला लाकडी फरशीखाली प्लॅस्टिकचा कागदही अंथरला. घर उबदार करणे आणि कोरडे ठेवणे हे तिथे एकच काम होते. २००९ मध्ये तिथे मोठी सरकारी योजना आली, तेव्हा मूल्यमापनात फायद्याचा बहुतांश वाटा वाचलेल्या विजेचा नव्हे, तर आरोग्याचा निघाला. ब्रिटनच्या योजनांनी मात्र हिशेब ठेवला तो ऊर्जेच्या बचतीचा. कोणाची छाती भरून येते याचा रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये ३९ ठेकेदारांची कामे थांबवण्यात आली. दोष दुरुस्त करण्याचा खर्च घरमालकावर पडणार नाही, असे सरकारने सांगितले आहे. वीज कंपन्यांवर बंधन घालणारी ही योजनाच गुंडाळण्याचा निर्णय त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या अर्थसंकल्पात जाहीर झाला.

ब्रिटनमध्ये घर घेऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनी कागदपत्रांबरोबर भिंतीही पाहाव्यात. बाहेरच्या विटांच्या दर्जांत ठरावीक अंतरावर सिमेंटने बुजवलेली गोल भोके दिसली, तर पोकळी भरलेली आहे. तिचे हमीपत्र मागावे आणि ते नव्या मालकाच्या नावावर होते का, हे विचारावे. बाहेरचे आवरण असेल, तर छपराखालची कड आणि खिडकीचा उंबरा जवळून बघावा. न्हाणीघरातला पंखा चालू करून त्याच्या जाळीला कागदाचा कपटा लावावा. तो चिकटून राहिला पाहिजे. आणि घर पाहायला जायचे ते शक्यतो जानेवारीत, पाऊस पडून गेल्यावर, पलंग जरा पुढे ओढून.