पावसात गाडी बंद पडते? टाकीच्या झाकणाजवळचे छिद्र पाहा

शहागंज, सिटी चौकातून माल घेऊन पैठण, फुलंब्री, खुलताबाद, कन्नडच्या बाजारांना जाणाऱ्या आपल्या अनेक बांधवांचे दुकान मोटारसायकलवरच असते. पावसाळ्यात ती सकाळी सुरू झाली नाही की बाजाराचा दिवस बुडतो. आठवडी बाजार पुन्हा आठ दिवसांनी, माल उधारीचा, आणि देणेकरी काही थांबत नाहीत. मेकॅनिक कार्बोरेटर उघडतो, त्यात पाणी निघते आणि तोहमत थेट पेट्रोल पंपावर जाते. पंपाचा दोष कधी असतोही. पण तहकीक न करता दुसऱ्याच्या धंद्यावर बोट ठेवण्याआधी आपल्याच टाकीचे झाकण पाहावे.

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, तेव्हापासून या शहरात बजाजच्या गाड्या भरपूर. २००१ साली आलेल्या पल्सरसारख्या गाड्यांचे झाकण टाकीच्या पाठीशी सपाट बसते. त्याभोवती वाटीसारखी खोलगट जागा असते. तिथे साचलेले पावसाचे पाणी जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. त्यातून निघालेली नळी टाकीच्या आतून जाते आणि पुढे रबरी पाइपने पाणी जमिनीवर पडते. ज्या गाडीचे झाकण टाकीवर उंच बसलेले आहे, तिला ही भानगड नाही.

जुन्या गाडीत हे छिद्र धुळीने आणि चिखलाने बुजते. कधी टाकी परत बसवताना रबरी पाइप मुडपून दाबला जातो. मग वाटीत पाणी तुंबते, झाकणाचे रबर जुने असले की हळूहळू टाकीत झिरपते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसते आणि कॉकमधून आधी तेच इंजिनाकडे जाते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते थोडे पाणी सामावून घेते, पण पाणी जास्त झाले की इथेनॉल त्याला घेऊनच खाली उतरते. मग नुसते वरचे पेट्रोलही पूर्वीसारखे राहत नाही.

साफ करताना आपल्या दुकानात हाताशी असते ते दाभण मात्र लावू नये. आतली नळी गंजलेली असेल तर टोकाने भोक पडते आणि पाण्याच्या वाटेने पेट्रोल गळू लागते. जाड तंगूस घ्यावी, टोक गोल करून वरून हलक्या हाताने फिरवावी. नंतर रबरी पाइपच्या खालच्या टोकाला सायकलचा पंप लावून हवा भरावी. पाइप ओळखायला सोपा आहे: पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरला जोडलेला असतो, याचे खालचे टोक मोकळे असते. हवा भरताना झाकण बंद आणि वर ओले फडके हवे, नाहीतर निघालेला गाळ टाकीतच जाईल. इंजिन थंड असावे, विडी-सिगारेट दूर. शेवटी झाकण बंद ठेवूनच वाटीत चमचाभर पाणी टाकावे. ते लगेच खाली टपकले तर काम झाले. थांबून राहिले तर फडक्याने टिपून घ्यावे आणि पाइप काढून पाहावा.

टाकी भरल्यावर या पाइपमधून पेट्रोल टपकत असेल तर आतली नळी फुटली आहे. मग गाडी कारागिराकडेच न्यावी. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते, तिला घरी झाळ देणे म्हणजे जिवाशी खेळ.

पाणी टाकीत गेलेच असेल तर नुसते छिद्र मोकळे करून भागत नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी, कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू उघडून तळचे पाणी सोडावे आणि ताजे पेट्रोल भरावे. काढलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नये, घरात लहान मुले असतात. ते गटारातही ओतू नये.

पाण्याचा पत्ता नाही, तरी गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते आणि झाकण उघडताच फुस्स आवाज होतो, तर दोष वेगळा आहे. झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही.

रबरी पाइप कडक झाला असेल तर त्याच वेळी बदलून घ्यावा आणि झाकणाचे रबरही. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा झाकणावर मारू नको, असे पोराला आधीच सांगून ठेवावे.